उसाच्या हंगामातला माजोंग

काल दुपारी दोरीवरचे कपडे काढताना पांढऱ्या टॉवेलवर काळी कात्रणं दिसली. बोटानं झटकायला गेले तर निघायच्याऐवजी पसरली. म्हणजे ऊसतोड सुरू झाली. तोड झालेल्या शेतातलं पाचट पेटवतात, त्याची राख तळ्यावरून तरंगत येते आणि पाण्यात पडली नाही तर आमच्या अंगणात पडते. टॉवेल पुन्हा भिजवायला हवा होता. मी तो तसाच घडी करून ठेवला. हल्ली बरंच काही मी तसंच घडी करून ठेवते.

बारडोलीच्या पुढे तासाभराच्या अंतरावर, तळ्याच्या काठी, हे गाव आहे. माझी मुलगी सुनंदा इथल्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहतो. त्याआधीचं, लग्नापासूनचं सगळं आयुष्य सुरतेत गेलं. घर डिंडोलीत. नोकरी लिंबायतच्या मराठी शाळेत, तीस वर्षं. खानदेशातून आलेल्या कामगारांच्या मुलांना बाराखडी शिकवली. माझे यजमान आणि मीही त्याच खानदेशातून आलेलो; ते लूम दुरुस्त करणारे मिस्त्री. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, मीही मनातल्या मनात नानाच म्हणते.

पस्तीस वर्षं लूमच्या खटखटाटात उभं राहून नानांचे कान गेले. एका दिवसात नाही गेले. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी गेली, मग माझा आवाज. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. त्यातून माणसं ऐकू यायच्याऐवजी भांडी, पंखा आणि रिक्षाच मोठ्यानं ऐकू यायला लागल्या. ते यंत्र कपाटात गेलं आणि नाना गप्प झाले. बोलले तर इतक्या मोठ्यानं बोलायचे, की लोक वळून बघायचे. मग तेही त्यांनी सोडलं.

एक माजोंग तेवढा उरला.

तो आमच्या घरात आला त्याची गोष्ट साधीच आहे. कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारी चिनी मशीनं आली आणि ती बसवायला चेन नावाचा फिटर आला. चार महिने राहिला. त्याला ना हिंदी येत होती ना गुजराती, आणि नानांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघांचं पहिल्या दिवसापासून उत्तम जमलं. जेवणाच्या सुट्टीत चेननं सोंगट्यांची पेटी काढली आणि नानांना खेळ शिकवला. परत जाताना ती पेटी नानांच्या हातात ठेवून गेला. खेळ रमीच्या जातीचा. पत्त्यांऐवजी जाड, गुळगुळीत सोंगट्या. कुणावर बांबू, कुणावर गोल, कुणावर चिनी आकडे. प्रत्येकानं तेरा घ्यायच्या, मग एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जुळली की डाव आपला. खेळायला माणसं मात्र चार लागतात. दोघांत तो नुसता चाळा होतो.

डिंडोलीत आमचे चार होते. आम्ही दोघं, शेजारचे देविदासभाऊ आणि त्यांच्या पत्नी कमलताई. रविवारी दुपारी चटई पसरायची, मधे पाट मांडायचा. गोलांना आम्ही बॉबिन म्हणायचो. कुणी टाकलेली सोंगटी हवी असेल तर ओरडायचं असतं, पण नानांना ओरडणं ऐकू कसं येणार? म्हणून आम्ही नियम केला, पाटावर दोनदा थाप मारायची. नाना एक तळवा पाटावर टेकवून बसायचे. थाप त्यांना हातातून ऐकू यायची. त्या दोन तासांत ते बहिरे नव्हते. हरले की कुरकुरायचे, जिंकले की कमलताईंना चिडवायचे.

पुढे देविदासभाऊ निवृत्त झाले आणि दोघं अमळनेरकडे गावी निघून गेले. त्याच वर्षी बाजारातून येताना नानांना मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला नाही. मनगट मोडलं, खुब्याला मार बसला. सुनंदा रात्रीची ड्युटी संपवून थेट आली आणि म्हणाली, "आई, आता पुरे. तिकडे चला. तिथे दिवसाला चार गाड्या जातात." आम्ही आलो. गाड्या खरंच चार जायच्या. माणसंही तेवढीच.

पावसाळा सरेपर्यंत नाना तळ्याकडे तोंड करून बसून राहिले. सकाळी बसवलं की दुपारी उठवायचं. जेवण वाढलं की जेवायचे. एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले, ते काही बोलले नाहीत. मला त्या अळणी भाजीची भीती वाटली. माणूस अळणी खाऊन उठतो म्हणजे तो आतून उठून गेलेला असतो.

तेव्हा मी ठरवलं, चार माणसं जमवायची.

आता आठवलं तरी पाय दुखतात. टाचेचं हाड वाढलेलं, तीस वर्षं वर्गात उभं राहून गुडघे झिजलेले, आणि मी पिशवीत चार सोंगट्या टाकून गावभर हिंडायची. पहिल्यांदा गेले दूध डेअरीवर. तिथं सकाळी अख्खं गाव येतं. दूध मापणाऱ्या भाईंना गुजरातीत विचारलं, इथे कुणाला माजोंग येतो का?

"माजोंग? ए शुं, बेन, दवा छे?" ते म्हणाले. "दवाखाने पूछो ने, तमारी दीकरीने."

रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले. भजनाच्या मंडळात विचारलं, तर त्यांना वाटलं मी कुठला नवा पंथ घेऊन आलेय. वडाखाली पत्ते खेळणारे पुरुष होते, त्यांच्याकडे नानांनाच घेऊन गेले. त्यांनी सोंगट्या हातात घेतल्या, दातावर वाजवून पाहिल्या आणि म्हणाले, रमी खेळायची तर काकांना बसवा, तुम्ही जा. मी लांब उभी राहिले. नाना दोन डाव खेळले. तिसऱ्या डावात त्यांची पाळी आली ते त्यांना कळलं नाही. कुणीतरी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मुद्दाम ओरडलं, आणि नाना तेवढ्याच मोठ्यानं "काय?" म्हणाले. सगळे हसले. वाईट हेतूनं नसतील हसले. नाना उठले, पत्ते नीट एकावर एक ठेवले आणि माझ्याआधी चालू लागले.

शेवटचा उपाय म्हणून मी एक कागद लिहिला. मोठ्या, वर्गातल्या अक्षरात, गुजरातीत. चार जणांचा खेळ आहे, येत नसेल तर शिकवू, दुपारी वेळ असेल त्यांनी नर्सबेनच्या घरी यावं. डेअरीच्या भिंतीवर तो चिकटवला. आठ दिवसांनी त्याच्यावर गुरांच्या लसीकरणाची नोटीस लागली. कागदाचं एक टोक तेवढं बाहेर दिसत होतं.

त्या टोकावरून जशुबेन आल्या.

ऊस पिकतो त्याच महिन्यांत इथे परदेशात गेलेली गावची माणसं येतात. वर्षभर बंद असलेल्या मोठ्या घरांच्या खिडक्या उघडतात, गाद्या उन्हात पडतात. जशुबेन त्यांतल्याच. वय पंचाहत्तरच्या पुढे, पायात पांढरे बूट, अंगात साडीवर स्वेटर. नवऱ्याचं हाँगकाँगला दुकान होतं, चाळीस वर्षं तिथे काढलेली. नवरा गेल्यावर मुलाकडे लंडनला. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "माजोंग कोने आवडे छे?"

मी म्हटलं, "आम्हा दोघांना."

"मने पण आवडे छे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मराठीत आवडतं म्हणजे मन लागतं. गुजरातीत आवडे छे म्हणजे ते करता येतं. इतकी वर्षं सुरतेत काढून हा फरक मला पाठ होता, तरी त्या क्षणी त्या कुठल्या अर्थानं बोलल्या ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

तीन झाले. चौथं माणूस मिळेना. सुनंदाला बसवून पाहिलं, तिला दर दहा मिनिटांनी दवाखान्यातून बोलावणं यायचं. जशुबेनच्या घराला मोठा ओटा आहे, त्याच्यासमोर त्यांचं उसाचं शेत. शेताच्या कडेला तोडकऱ्यांचा पडाव पडला होता. प्लास्टिकच्या आणि उसाच्या वाढ्यांच्या, शेंड्याकडच्या पानांच्या झोपड्या. पहाटे सगळी जोडपी कोयते घेऊन निघून जायची. मागे एक म्हातारी राहायची, नातवंडं सांभाळायला. तिचं नाव सुपडाबाई. साक्रीकडून आलेली. एक तान्हं पोर पाठीशी बांधून ती ओट्याखाली येऊन उभी राहायची आणि आमचे तिघांचे अर्धवट डाव बघायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं अहिराणीत विचारलं, "हाऊ काय खेय शे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात नाना बोलले. "ये, बस. दखाडस तुले."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. प्रश्न त्यांना कळला कसा? सुपडाबाई पायरीवर बसली. पाठीवरचं पोर मांडीवर घेतलं. नाना तिला एकेक सोंगटी दाखवू लागले. बांबूची सोंगटी पाहून ती म्हणाली, "हाऊ तं ऊस शे!" त्या दिवसापासून बांबूचा ऊस झाला. तिला अक्षर येत नव्हतं, पण उसाच्या मोळ्या मोजण्यात जन्म गेलेला. आठवड्याभरात ती आमच्यापेक्षा चलाख खेळू लागली. टाकलेली प्रत्येक सोंगटी तिच्या ध्यानात राहायची.

"तुन्हं गाव कोनतं, भाऊ?" तिनं नानांना विचारलं.

"पारोयाकडलं," नाना म्हणाले, म्हणजे पारोळ्याकडचं.

"मन्हं माहेर बी तठेच शे," ती म्हणाली, आणि नाना हसले. दात दिसेपर्यंत हसले.

तो हंगाम मला असा आठवतो: ओट्यावर अकराचं ऊन, समोर तुरे आलेला ऊस, तळ्यावर उतरलेली बदकं, साखर कारखान्याचा गोड-आंबट वास, खांबाला बांधलेल्या झोळीत झोपलेलं पोर आणि सोंगट्या घुसळल्याचा आवाज. तो आवाज आम्हा तिघींना ऐकू यायचा. नाना दोन्ही तळहात पाटावर टेकवून तो अंगात घ्यायचे.

पण सगळं गोडच होतं असं सांगितलं तर खोटं होईल. जशुबेन चहा द्यायच्या. आम्हा तिघांना चिनीमातीचे कप, आणि सुपडाबाईला दांडी तुटलेला प्लास्टिकचा मग. तो मग त्या वेगळा, नळाजवळ ठेवायच्या. मी पहिल्याच दिवशी पाहिलं. पाहून गप्प बसले. तीस वर्षं मी वर्गात समतेचा धडा शिकवला होता, पण मला भीती वाटली, काही बोलले तर चारातलं एक माणूस जाईल, आणि नाना परत त्या तळ्याकडे तोंड करून बसतील. सुपडाबाई तो मग हातात घ्यायची, खाली ठेवायची आणि चहा प्यायचीच नाही. मग एके दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी पडावात गेले. ती झोपडीच्या दारात पोराला न्हाऊ घालत होती.

"सुपडाबाई, रागावलात का?"

"राग कशाना, बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "खेयाले येसू मी. पन च्या नको माले."

ती आली. जशुबेननी सवयीनं चहा आणला, तीन कप आणि तो मग. मी खाली बघत होते. तेवढ्यात नानांनी हात लांब केला, तो तुटका मग आपल्याकडे ओढला आणि स्वतःचा कप सुपडाबाईसमोर सरकवला. फुरका मारून मगातला चहा प्यायले आणि सोंगटी टाकली. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी फक्त पाहिलं होतं, रोज, जसं मी पाहिलं होतं. जशुबेन बराच वेळ आपल्या सोंगट्या लावत बसल्या. लावलेल्याच पुन्हा लावत होत्या. सुपडाबाईनं कप उचलला, पण प्यायली अर्धाच. त्यानंतर ओट्यावर चार स्टीलचे पेले यायला लागले.

त्या संध्याकाळी मी नानांना विचारलं, तिचं बोलणं तुम्हाला कळतं कसं? दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा पाटीवर लिहून दाखवलं.

नाना म्हणाले, "ती मन्ही मायसारखं बोलस. तिना ओठ माले वाचता येतस." मग म्हणाले, "तू पुस्तकमजारलं बोलस."

पुस्तकातलं बोलतेस. ते तक्रार म्हणून म्हणाले नव्हते. माझा मात्र त्या रात्री डोळा लागला नाही. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही दोघं अहिराणीच बोलायचो. मग मला नोकरी लागली, सुनंदा झाली, आणि घरात शुद्ध मराठी बोलायचं असा नियम मी केला. "खेय नाही, खेळ म्हणा." "काया नाही, काळा." जेवताना, चालताना, पाहुण्यांसमोर मी त्यांना दुरुस्त केलं. त्यांनी ऐकून घेतलं, तेव्हा ऐकू येत होतं. मग कान गेले आणि मला वाटत राहिलं, लूमनं माझा नवरा माझ्यापासून तोडला. लूमचा वाटा मोठा होता, नाही म्हणत नाही. पण ज्या ओठांवरून त्यांना जग वाचता आलं असतं, त्या ओठांवरची भाषा मी स्वतःच बदलून टाकली होती.

सकाळी चहा देताना मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "च्या ल्या." जीभ अडखळली. माझी अहिराणी गंजलेली होती. नानांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग कप घेतला आणि म्हणाले, "साखर कमी शे."

किती महिन्यांनी त्यांनी चवीबद्दल तक्रार केली होती! मी आत जाऊन साखरेचा डबा हातात धरून उभी राहिले.

मार्चअखेर जशुबेन लंडनला गेल्या. जाताना म्हणाल्या, दिवाळी झाली की येते. महिन्याभराने पडावही उठला. त्या दिवशी आम्ही दोघंच आमच्या अंगणात बसलो होतो. सुपडाबाई निरोप घ्यायला आली आणि तिघांतच एक डाव म्हणून बसली. डाव अर्ध्यावर असताना ट्रक आला, सुनेनं हाक मारली. ती तेरा सोंगट्या तशाच उभ्या ठेवून उठली. पोराला काखेत घेतलं, नानांना म्हणाली, "जास मी, भाऊ." ट्रक दिसेनासा झाल्यावर नानांनी तिच्या सोंगट्या वळवून पाहिल्या. तिला एकच हवी होती, आणि ती नानांच्याकडे होती. त्यांनी ती तिच्या रांगेला जोडून ठेवली. संध्याकाळपर्यंत आम्ही तो डाव आवरला नाही.

आणि आता पुन्हा राख पडायला लागली आहे. बंद घरांच्या खिडक्या उघडल्या, जशुबेनच्या घराची उघडली नाही. मी फोन केला तर मुलानं उचलला. मम्मीला आता इतका प्रवास झेपणार नाही, म्हणाला. मागून त्यांचा आवाज आला, कोण आहे म्हणून विचारत होत्या. त्यानं माझं नाव सांगितलं, त्यांना ओळख लागली नसावी. पडाव मात्र आला आहे, तीच माणसं, त्याच झोपड्या. मी सुपडाबाईच्या सुनेला गाठलं. ती म्हणाली, "सासूले आते दखात नही, बाई. मोतीबिंदू. घरच ठेवी वनूत." सुनंदानं तिला ऑपरेशनची चिठ्ठी लिहून दिली, कुठे जायचं तेही समजावलं. पण ते हंगाम संपल्यावर. हंगाम आत्ता तर लागलाय.

म्हणजे पुन्हा दोघंच. मी सुनंदाला सांगून टाकलं, या वर्षी माझ्यानं हिंडणं होणार नाही. डेअरी, भजन, वड, कागद, हसणारी माणसं, सगळं पहिल्यापासून करायचं त्राण माझ्यात नाही. माणसं जोडायची आणि हंगाम संपला की ती ट्रकमध्ये किंवा विमानात बसून जाताना बघायची. थकवा पायांचा असता तर तेल चोळलं असतं.

आज सकाळी स्वयंपाक आटोपून बाहेर आले तर नानांची खुर्ची रिकामी. चपला नव्हत्या. रिक्षानं उडवल्यापासून ते कधी एकटे बाहेर पडले नव्हते. मी रस्त्यापर्यंत गेले, तळ्यापर्यंत गेले, हाका मारणार तरी कुणाला! पाऊण तासानं ते येताना दिसले, रस्त्याची कड धरून, सावकाश. शर्टाच्या खिशात सोंगट्या वाजत होत्या. ते खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "डेअरीवर गयथू. कोनी भेटनं नही. सकाय परत जासू."

मग म्हणाले, "गुजरातीमा कसं इचारतस ते सांग. दोन मानसं पाहिजेत म्हनीसन."

पस्तीस वर्षं सुरतेत काढलेला माणूस मला गुजराती वाक्य शिकवायला सांगत होता. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले, चेहरा उजेडाकडे केला आणि एकेक शब्द तोडून म्हणाले, "अमने रमवा माटे बे जण जोईए छे."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहत ते म्हटलं. 'रमवा'चं 'रमाले' केलं. माझ्या जिभेवर दुरुस्ती आली, ती मी गिळली. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं, तळ्यावरची बदकं उडतील अशा आवाजात.

कुंपणापलीकडे कपडे धूत असलेली शेजारीण थांबली. "काका, कोण जोईए छे?" तिनं विचारलं.

नानांना ऐकू आलं नाही. ते पुढच्या वेळेसाठी श्वास घेत होते. मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कुंपणाकडे गेले.